नामांकन हिचं, उभा मी

"मी कडेच्या खुर्चीवर बसतो," एवढंच मी म्हणालो. माझा गुडघा आखडतो, पाय मोकळा सोडायला बरं पडतं. (पुढचं सगळं रामायण त्या गुडघ्यामुळे घडलं. मी निर्दोष आहे.)

आमची ही सिनेमातल्या माणसांच्या पावलांचे आवाज काढते. पडद्यावर नायिका जिना उतरते, तेव्हा स्टुडिओत फळीवर चालत असते ती ही. अशी बावीस वर्षं चालली आणि यंदा पहिल्यांदाच वर्षातल्या सगळ्यात मोठ्या पुरस्कारासाठी हिला नामांकन मिळालं. पलीकडे हिचे गुरू बसले होते. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. वय ब्याऐंशी, हातात काठी, नजर अधू. दुसऱ्या एका सिनेमासाठी त्यांचंही नामांकन होतं, आणि त्या सिनेमातही चालली होती हीच!

"मास्तरांना मिळालं तरी मला आनंदच आहे," ही म्हणाली. पण हात बघितला तर बर्फासारखा गार.

निवेदिका आली. पहिलंच नाव हिचं! पडद्यावर हिचा फोटो, टाळ्यांचा कडकडाट. मी ताडकन उठलो, वाट करून दिली आणि सरदारासारखा हात पुढे केला.

"चल! जिंकलीस!"

"अहो, बसा! नुसती नामांकनं वाचतायत!"

बसणार कुठे? खुर्ची फटकन मिटली होती आणि माझ्या नव्या कोटाचं टोक तिच्या जबड्यात. उरलेली चार नावं मी उभ्यानंच ऐकली. कॅमेरा माझ्यावर. मी हसलो. (दुसरं काय करणार?)

पाकीट उघडलं. नाव मास्तरांचं.

हिचा चेहरा क्षणभर उतरला. तो फक्त मला दिसला. मग हिनंच मास्तरांना धरून उठवलं. त्यांना वाटलं, मला आयोजकांनीच मदतीला उभं केलंय. त्यांनी माझा हात गच्च पकडला. "चला." टर्रकन कोट फाटला आणि मी स्टेजकडे निघालो.

वर गेल्यावर पुरस्काराची जड बाहुली माझ्या हातात कोंबून मास्तर माइकपाशी गेले.

"सिनेमाच्या शेवटी आई दाराशी येते आणि थांबते," ते म्हणाले. "त्या पावलांना हे बक्षीस आहे. ती पावलं माझ्या या मुलीची. मी नुसती ऐकली."

त्यांनी काठी हिच्याकडे रोखली. अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. ही तोंडावर हात धरून रडत होती, आणि माझ्या फाटक्या कोटाकडे बघून हसतही होती.

टॅक्सीत मी ओशाळून विचारलं, "मी तुझी शोभा केली ना?"

"केलीत की." तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "पण माझं नाव ऐकून इतक्या घाईनं आजवर कुणी उठलं नव्हतं हो."

सकाळी सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, टीव्हीवर पाहिलं तुम्हाला! म्हाताऱ्या माणसाला किती जपून नेलंत!"

मी फुशारलो. "छे, छे, त्यात काय!"

"तसं नाही, काम कुठलंही असो, मन लावून करावं." मग त्यांचा आवाज हळू झाला. "पण ऑफिसातली नोकरी कधी सुटली, ते आम्हाला कळवायचं तरी!"