रविवारची तीन जेवणं

मिक्कोला नागपुरात येऊन दीड महिना झाला होता आणि मराठीतला एक शब्द त्याला अगदी पक्का येत होता. फिनलंडहून वर्षभर इथल्या शाळेत शिकायला आलेला हा सोळा वर्षांचा उंचपुरा मुलगा मानेवाड्यात संघपाल मेश्राम यांच्या घरी राहत होता. पहिल्या दिवशी शाळेला निघताना तो पुस्तकात पाहून 'जातो' म्हणाला, तेव्हा भावनाकाकूंनी त्याला दारातच अडवलं.

"जातो नाही म्हणाचं बाबू. येतो म्हणाचं."

"पण मी जातो आहे."

"तरी येतोच म्हणाचं."

मिक्कोनं वाद घातला नाही. शब्द वहीत उतरवून घेतला आणि त्या दिवसापासून कोणाचाही निरोप घेताना तो हात जोडून, मान वाकवून 'येतो' म्हणू लागला. गल्लीतले लोक खूश होऊन 'येजो बरं' म्हणायचे. 'येजो' म्हणजे 'ये हं', हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, हे लोक 'येतो'चा उच्चारच असा करतात.

त्या शुक्रवारी शेजारच्या प्रयागबाई फाटकापाशी त्याच्याशी बराच वेळ भरभर बोलल्या. त्यातला शेवटचा शब्द तेवढा त्याच्या ओळखीचा निघाला.

"...तं रविवारी आमच्याकडं जेवाले येजो."

"येतो," मिक्को हात जोडून म्हणाला.

प्रयागबाईंचा चेहरा फुलला. समोरच्या रंभाबाईंशीही असाच निरोपसमारंभ झाला आणि कोपऱ्यावरच्या घरात माडीवर राहणाऱ्या देवाजींशीही. देवाजी तर इतके हरखले की त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. आपलं मराठी फारच सुधारलं, असं वाटून मिक्को त्या दिवशी शीळ घालत घरी आला.

शनिवारी संध्याकाळी भावनाकाकू भाजी घेऊन आल्या आणि पिशवी मांडीवर घेऊनच खुर्चीत बसल्या.

"मिक्को, उद्या तू कोणाकडं जेवाले जाऊन राहिला?"

"कोणाकडे नाही. घरी."

"मंग प्रयागबाईनं मटण काहून सांगून ठेवलं? रंभाबाई पुरणपोळ्या करून राहिली. अन् देवाजी मले बाजारात विचारत होते, पोरगा तिखट खाते का म्हणून."

मिक्कोनं आठवून आठवून सगळं सांगितलं. पेपरामागे संघपालकाका हसू लागले, ते काकूंनी पेपर काढून घेतल्यावर थांबले.

"एकाले तरी नाही म्हणून ये गा," ते म्हणाले.

पण कोणाला? प्रयागबाई आणि रंभाबाई यांच्यात स्वयंपाकावरून पंधरा वर्षांची चुरस होती. एकीकडे जेवून दुसरीकडे नाही म्हटलं, तर दुसरीनं मेश्रामांच्या फाटकाकडे वर्षभर पाहिलं नसतं. आणि देवाजी रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे. बायको गेल्यापासून दोन वर्षं डब्यावर जेवत होते. आज त्यांनी बाजारात एकेक वांगं दाबून, उलटंपालटं करून घेतलं होतं.

"त्याहिले तं मी नाही म्हणू शकत नाही," काकू म्हणाल्या.

शेवटी वेळा ठरल्या. अकरा वाजता प्रयागबाई, दीड वाजता रंभाबाई, चार वाजता देवाजी. सगळीकडे थोडं थोडं खायचं.

प्रयागबाईंकडे मिक्को थोडंच जेवणार होता, पण ताटात काही टाकायचं नाही, ही शिस्त त्याला घरून होती. त्यानं रस्सा पोळीनं पुसून ताट चकचकीत केलं. रिकामं ताट पाहून प्रयागबाईंनी पुन्हा वाढलं. त्यानं तेही संपवलं. असं चार वेळा झालं. तिखटानं त्याचे कान लाल झाले, नाक वाहू लागलं आणि प्रयागबाई कौतुकानं म्हणाल्या, "पोरगा रडून राहिला, पण खाऊन राहिला."

एवढं शिकून तो रंभाबाईंकडे शहाणा होऊन गेला. पुरणपोळीचा एक तुकडा त्यानं मुद्दाम ताटात ठेवला. रंभाबाईंनी तो तुकडा पाहिला आणि कमरेवर हात ठेवला.

"आवडली नाही का? तूप कमी पडलं असंल." आणि त्यांनी तव्यावरची नवी पोळी आणून तिच्यावर वाटीभर तूप ओतलं.

चार वाजता मिक्को देवाजींचा जिना कठडा धरून चढला. दार उघडलं तेव्हा आत धूर होता आणि देवाजींचं तोंड उतरलेलं होतं. तरी त्यांनी पाट मांडला. मिक्को पाटाकडे पाहत राहिला. मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मराठीत नाही म्हणायचं ठरवलं.

"आजोबा, माझं पोट भरलं. खूप भरलं. मी नाही जेवू शकत."

देवाजींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"खरं बोलून राहिला?"

"खरं."

"बरं झालं बाबू," देवाजी पाटावर स्वतःच बसले. "भात जळला. भाजीत मीठ दोनदा पडलं. तू येऊ नये असं मले सकाळपासून वाटून राहिलं."

दोघंही मोकळे झाले. देवाजींनी कढईवरचं झाकण उचलून दाखवलं, मिक्कोनं आत पाहिलं आणि झाकण हलकेच परत ठेवलं. तेवढ्यात देवाजींचं पोट गुरगुरलं. सकाळपासून त्यांनी स्वतःही काही खाल्लं नव्हतं.

मिक्कोनं ओट्यावर नजर टाकली. चार अंडी, दूध, कणीक, साखर. फिनलंडमध्ये सुट्टीच्या दिवशी त्याची आजी जे करायची, त्याला एवढंच लागतं. त्यानं बाह्या सरसावल्या, पातळ पीठ भिजवलं आणि तव्यावर पहिलं पळीभर पीठ टाकलं.

"हे तं धिरडं होय," देवाजी पहिला घास घेऊन म्हणाले. मग दुसरं खाल्लं, तिसरं खाल्लं. चौथ्याच्या वेळी त्यांनी डोळे पुसले आणि धुराला दोष दिला, पण धूर केव्हाच गेला होता.

साडेपाच झाले तरी मिक्को घरी आला नाही, म्हणून संघपालकाका खिशात ओव्याची पुडी घेऊन धावत आले. पोरगं आडवं पडलं असणार, या तयारीनं त्यांनी दार ढकललं. मिक्को तव्यापाशी उभा होता आणि देवाजी सातवं धिरडं खात होते.

"बसा काका," मिक्को म्हणाला.

काकांनी सकाळपासून काळजीपोटी धड जेवण केलं नव्हतं. ते बसले. तिसऱ्या धिरड्याला काकूंचा फोन आला.

"हो वं, मजेत आहे तो," काका तोंडातला घास एका गालात सरकवून म्हणाले. "थोडा वेळ लागंल... नाही नाही, तू नको येऊ. पीठ थोडंच उरलं."