मिरजेला पाठवलेला ऑपेरा

ऑपेराची तबकडी लावायची असली, की दामलेकाका घरातल्या घरात सूट चढवत. टाय, बूट, सगळं. "अगं, राजघराण्यात मुडदा पडणार आहे. लेंग्यात कसा बसू?"

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये ते आमचे शेजारी होते. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत नोकरी, घरी एकटे. जीव मात्र अडकलेला प्राचीन ग्रीक शोकांतिकांवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रचलेल्या ऑपेरांत. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, श्रीखंड वाढता वाढता ते तिथल्या राजवाड्यातली भानगड सांगत, जणू सांगलीतलंच एखादं घर. "बाईने नवऱ्याला न्हाणीघरात मारला. आता म्हणते, झोप लागत नाही. लागेल कशी? थांबा, खरी गंमत पुढेच!" मुलं "ई, ग्रॉस!" म्हणत आणि आणखी जवळ सरकत. मला त्या जर्मन गाण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण काकांमुळे ती राणी मला माझ्या मावशीइतकी ओळखीची झाली.

हे ऑपेरा काका मिरजेच्या बहिणीसाठी कॅसेटवर भरत. अक्कांची दृष्टी गेली होती. गाण्याच्या मध्येमध्ये काकांचं मराठी: "अक्का, मुलगी आता बापाचा सूड घ्यायला कुऱ्हाड शोधतेय हं." इतक्या मायेने खून समजावून सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

इंडियाला जाणाऱ्याच्या बॅगेत प्रत्येकाचं काहीतरी असायचंच. मी निघाले, तेव्हा काकांची कॅसेट घ्यायला गेले. रेकॉर्डिंग चालूच होतं. मेला असं समजलेला भाऊ परत येतो आणि बहीण त्याला ओळखत नाही, तिथे काकांनी घाईने टेप थांबवला.

"काका, अहो, खरी गंमत तर इथेच!"

"हा भाग तिला पाठवत नाही मी. बाबांशी भांडून निघालो होतो. ते गेले तेव्हा न येण्यासाठी ग्रीन कार्डचं निमित्त सांगितलं, पण तोंड दाखवायची हिंमत नव्हती. तेरा वर्षं झाली. कधी येतोस, असं अक्काने एकदाही विचारलं नाही."

"हे ऐकून विचारतील."

"आणि हे ऐकूनही नाही विचारलं, तर?"

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

काकांनी सुई मागे ठेवली, टेप सुरू केला. भाऊ आला. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारे काका अख्खं गाणं गप्प बसले. मग माइकजवळ वाकले.

"अक्का, मार्चमध्ये येतोय मी. आलो की विचार मला, इतका उशीर का केलास. विचारच."