काळ्या काठाचा तिळगूळ

समस्त वाचकांस, आणि त्यांतही ज्यांची छाती कमजोर आहे अशांस, पागोटे सावरून अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या अमरावतीत, अंबागेटाच्या आत, एक गृहस्थ समोरच्या घरी राहणाऱ्या माणसाला सरकारी डाकेने पत्रे पाठवीत असे. मधला रस्ता एका बैलगाडीच्या रुंदीचा. त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका समोरच्या घरी लागे. तरीसुद्धा पत्र डाकघरात जाई, अर्ध्या आण्याचे तिकीट लावून घेई, शिक्का खाई आणि दुसऱ्या दिवशी डाकवाल्याच्या पिशवीतून त्याच रस्त्यावर परत येई. समोरच्या घरी राहणारा तो माणूस म्हणजे मी. आणि ते गृहस्थ म्हणजे कापसाचे दलाल सोनाजीभाऊ.

पहिले पत्र आले ते दिवाळीत. मी दुकानाला निघालो होतो (माझे कापडाचे दुकान), तो डाकवाल्याने हाक मारली. आमच्याकडे डाकेने पत्र येते ते बहुधा कोणी गेल्याचेच. घरात बायकोने पदर डोळ्यांना लावायची तयारी केली. समोरच्या ओट्यावर सोनाजीभाऊ मांडी घालून बसले होते आणि माझ्याकडे असे टक लावून पाहत होते, जसा हलवाई पहिला घास घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतो.

पत्रावर हळदीकुंकवाचे बोट होते, म्हणून जिवात जीव आला. आत मजकूर इतकाच : "दिवाळी आली. तुमी सुखी राहा. तुमचा शेजारी सोनाजी." अक्षर असे की, खाचखळग्यातून छकडा गेल्यावर चाकोरी दिसते ना, तसे.

"काय लिवलं हाय?" सोनाजीभाऊंनी ओट्यावरून विचारले.

"तुम्हीच तर लिहिलंय!"

"ते खरं हाय. पन कागदानं कसं सांगतलं, ते पाहून राहिलो. कागद बोलते, राजेहो! मानूस अडखळते, कागद अडखळत नाई."

हे त्यांचे ठेवणीतले वाक्य. दिवसातून किती वेळा बोलत याची गणती नाही. तोंडाने जो माणूस अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा भाव पुकारतो, त्याला कागदाची एवढी काय गरज, हे मला बरेच दिवस कोडे होते.

दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडे अमेरिकेत कुठे भाऊ भाऊ आपसात लढायला लागले, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याची कळा आली. लोकांना पैसा कुठे ठेवावा कळेना. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. अकोटकडच्या एका पाटलाने म्हणे गाडीच्या चाकांनाच चांदीच्या धावा बसवल्या. गाडी रस्त्यावरून गेली की मागे पोरे नुसती चमक पाहत पळायची. सोनाजीभाऊंनी मात्र कागद घेतला. गुलाबी कागद, पिवळा कागद, सोनेरी वेलबुट्टीचा कागद. बाजारात एकदा कोणी हसून म्हणाले, "तिकडं भावाभावाचं भांडन हाय म्हून इकडं आपली चांदी!" सगळे हसले. सोनाजीभाऊ हसले नाहीत. "भावाभावाच्या भांडनाची कमाई अंगी लागत नसते, राजेहो," एवढे बोलून उठून गेले.

हे वेड त्यांना लागले ते रुई घेणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर. त्या दिवाळीच्या आधीच्या नाताळात ते केळीचा घड आणि झेंडूचा हार घेऊन गेले होते. तिथे टेबलावर एक जाड कागद उभा. त्यावर चित्र : पांढऱ्याफेक मुलखात वाळक्या फांदीवर बसलेले, लाल छातीचे एक पाखरू. साहेब सारखा तो कागद उचली, पाही आणि ठेवी. सोनाजीभाऊ परत आले ते माझ्यापाशी, म्हणजे या बापूरावापाशी, त्या पाखराचे वर्णन करीतच.

"बापूराव, इतलुसं पाखरू! पन कुठून कुठं आलं! अन् सायबाच्या डोयात पानी!"

मग सुरू झाली पत्रे. दिवाळीला हळदीकुंकवासह पत्र. तुळशीच्या लग्नाला पत्र. आणि साहेबाकडूनच शिकून आलेला दुसरा आजार : आभाराची चिठ्ठी.

आता वऱ्हाडात कोणी कोणाचे आभार मानतो का हो? आमच्याकडे पाणी दिले तर माणूस पितो, तांब्या ठेवतो आणि "चाल बरं" म्हणून उठतो. सोनाजीभाऊंनी न्हाव्याला चिठ्ठी धाडली, "दाढी करताना कापलं नाई, आभारी हाय." न्हावी ती घेऊन माझ्याकडे रडवेला होऊन आला. "बापूराव, माह्यं काय चुकलं? इतले वर्स दाढी केली, आज परका केला मले!" त्याचे बरोबर होते. आभार परक्यांचे मानायचे.

खुद्द यमुनावहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, डाकेने चिठ्ठी आली. वहिनींना वाचता येत नाही. त्या भेदरून माझ्या बायकोकडे आल्या, बायकोने ती माझ्याकडे दिली आणि मी वाचली : "कालचं पिठलं लय झाक होतं. आभारी हाय."

वहिनींनी चिठ्ठी चुलीत घालायला नेली, मग काय वाटले कोण जाणे, पदराच्या टोकाला बांधली आणि रस्ता ओलांडता ओलांडता ओरडल्या, "तोंड काय पाटलाकडं गहान टाकलं का, वो? पिठलं खाते तोंडानं अन् सांगते टपालानं!"

ओट्यावरून उत्तर आले, "कागद बोलते!"

तर अशातच एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, कंदील घेतले. सोनाजीभाऊंनी कागदांचा एक खोका डोक्यावर घेऊन आणला. कोरे, जाड, शुभ्र कागद आणि तसलेच लिफाफे. चारही बाजूंना बोटभर काळी कड, काजळाने रेखल्यासारखी.

"पाहा, बापूराव! चंद्रकळेचे काठ! संक्रांतीले काळं नेसतात, हे सायबाले बी ठाव हाय. गोरा झाला म्हून काय झालं, रीतभात समजते त्याले."

मलाही पटले. संक्रांत तोंडावर आलेली. काळ्याइतका शुभ रंग त्या दिवशी दुसरा कोणता? कागद त्यांचे, अक्षर माझे, असा बेत ठरला. आठवडाभर आमच्या ओट्यावर कारखाना चालला होता. मजकूर तोच : तिळगूळ घ्या, गोड बोला. सोबत पुडीत चार दाणे हलवा.

"कोपऱ्याला कुंकू लावू का?" मी विचारले.

"नाई, नाई! काठ खराब होईन."

या एका वाक्याने पुढचे महाभारत झाले.

अमरावतीची नावे झाली, मग अकोल्याची निघाली. सराफ, हकीम, सरकीवाला, देवळाचा पुजारी. ओळखीपाळखीचे, नुसत्या तोंडओळखीचे. हकीम आणि तांबटाच्या मध्ये सोनाजीभाऊंनी घसा खाकरून एक नाव सांगितले, रस्त्याकडे पाहत : "महादू. सायबाची रुईची वखार, अकोला."

माझी लेखणी थांबली. महादू म्हणजे त्यांचा पाठचा भाऊ. ही गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होती आणि कोणी काढत नव्हते. बरीच वर्षे झाली, गावाकडे पोळ्याच्या दिवशी, तोरणाखाली, महादूच्या हातून कासरा सुटला आणि बैलाने तोरण तोडले. सोनाजीभाऊ साऱ्या गावासमोर म्हणाले, "बैलाले घरी जाऊ द्या अन् याले तोरनाखाली उभा करा. बैलाले जास्त अक्कल हाय." गाव हसले. महादूने कासरा तिथेच टाकला. "आता तुह्या उंबऱ्यावर पाय ठेवीन तं तू मेल्यावरच," म्हणाला आणि अकोल्याची वाट धरली.

"लिवा ना," सोनाजीभाऊ म्हणाले. "सगळ्याईले धाडून राहिलो, त्यात त्याले बी एक. नाई तं लोक म्हनतीन, हकीमाले धाडलं अन् सख्ख्या भावाले नाई."

मी लिहिले. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नवरदेव कधी एकटा जातो का? त्याच्यासोबत वऱ्हाड लागते. न्हावी, हकीम, सराफ, मी, मला आलेली पत्रे, ती आभाराची खुळे, ही सगळी वऱ्हाडी मंडळी होती. थोरला वाकला असे दिसू नये, म्हणून या माणसाने सारे जग पत्रावळीवर बसवले होते, एका पानासाठी.

संक्रांत उजाडली आणि अमरावतीत सोनाजीभाऊंचा डंका वाजला! काळ्या काठाची पत्रे लोकांनी देवापाशी ठेवली, दारावर डकवली. न्हाव्याने तर आरशाच्या वर लावले. कोणी घाबरले नाही, कारण सोनाजीभाऊ आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगून आले होते, "उद्या तुले पत्र येऊन राहिलं बरं का. भिऊ नोको. नवल वाटू दे."

फक्त रुई घेणाऱ्या त्या साहेबाला, पत्र त्यालाही गेले होते, सांगायचे राहिले होते.

दुपारी साहेब आला. काळा कोट, टोपी हातात, मान खाली. सोबत दुभाषी करीमभाई. साहेब ओट्यावर बसला. सोनाजीभाऊंना आनंदाने काय करू नि काय नको झाले. त्यांनी मूठभर तिळगूळ साहेबाच्या हातावर ठेवला. साहेबाने तो दुःखी चेहऱ्याने, एकेक दाणा करून खाल्ला. मग करीमभाईंच्या कानात काही बोलला.

करीमभाई हळूच म्हणाले, "भाऊ, साहब पूछ रहे हैं, घर में कौन गुजर गया?"

"कोनी नाई! कावून?"

"ये काली किनार का कागज... इनके यहाँ मय्यत की खबर इसी पर जाती है."

गल्ली हसून हसून लोळली. साहेबसुद्धा, समजल्यावर, काळ्या कोटात गदगदला. सोनाजीभाऊ मात्र भिंतीला टेकले.

"बापूराव," ते म्हणाले, "महादू बी तिकडं अकोल्यात सायबाच्याच वखारीत हाय."

करीमभाईंनी साहेबाला घरी नेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "वो चिड़ियावाला कागज था ना, नाताल का? वो साहब के भाई ने भेजा था. सोनाजीभाऊ ने मुझसे तीन बार पुछवाया था, 'भाऊनंच धाडलं ना?'" पाखराचे वर्णन मी शंभरदा ऐकले होते. भावाचे एकदाही नाही.

संध्याकाळी मी सोनाजीभाऊंना म्हटले, "अहो, बरंच झालं. येईल धावत."

"अन् नाई आला तं?" त्यांचा आवाज असा की भाव पुकारणारा तो हाच का, असे वाटावे. "माह्या मरनाचा कागद पाहून बी नाई आला, तं मी खरंच मेलो ना, बापूराव! त्याची वाट पाहत कोन बसते? मीच जातो. उद्याच."

उद्या कर होती. संक्रांतीनंतरच्या त्या दिवशी आमच्याकडे कोणी गावाला निघत नाही. सकाळी यमुनावहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "करीच्या दिवशी पाय बाहेर टाकता? शुद्ध हाय का?"

"बाजूले व्हय. थोरला हाय मी. पोळ्याले बी मीच बोललो होतो."

दमणी जुंपली. सोनाजीभाऊंनी नवे पागोटे बांधले, हातात तिळगुळाची पुडी घेतली, पण काहीतरी विसरले म्हणून पुन्हा घरात शिरले. तेवढ्यात अंबागेटाकडून दुसरी दमणी उधळत आली. बैलांच्या तोंडाला फेस, गाडीवाला धुळीने पांढरा, डोके बोडके. गाडी थांबायच्या आत त्याने उडी टाकली, रस्त्यावर आपटला, उठला आणि हंबरडा फोडला, "दादा गेला वो! माह्या दादा गेला!"

भोगीच्या दिवशी महादूला पत्र मिळाले होते, हे मागाहून कळले. त्याला वाचता येत नव्हते. वखारीच्या साहेबाने काळी कड पाहिली, वर अमरावतीचा शिक्का पाहिला आणि टोपी काढली. महादूने पत्र फोडलेच नाही. अंगातल्या बंडीच्या खिशात खुपसले आणि बैल जुंपले. अकोल्याच्या सराफाकडे त्या दिवशी चूल पेटली नाही असेही ऐकतो, पण ते असो.

महादू उंबऱ्यावर कोसळला. ज्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नव्हता, त्यावर कपाळ आपटून रडू लागला. गल्ली जमा झाली. आणि आतून सोनाजीभाऊ बाहेर आले.

महादूला आधी दिसली पावले. मग धोतर. मग नवे कोरे पागोटे. त्याचा आ तसाच राहिला.

सगळे वाट पाहत होते की, आता सोनाजीभाऊ बोलतील. साऱ्या बाजाराला भाव ऐकवणारा माणूस! पण त्यांचे नुसते ओठ हलत होते. कागद अडखळत नाही, माणूस अडखळतो. हातातली पुडी त्यांनी कशीबशी सोडली आणि तो सगळा तिळगूळ भावाच्या उघड्या तोंडात कोंबला.

महादूने चावला. गिळला. बाहीने नाक पुसले. थोरल्याचे धोतर दोन्ही मुठींत गच्च धरले आणि, तिळगूळ खाऊन माणसाने गोडच बोलायचे असते म्हणून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला :

"जित्ता हायस, तं मंग इतले वर्स मेल्यावानी कावून बसला होतास रे, दादा?"