नानांचं खोडरबर

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला तर नाहीच, आणि का नाही ते पुढं कळेल. सांगायची तर सुरुवात खोडरबरापासून करावी लागते.

नाना माने गळ्यात खोडरबर घालत. लोक माळ घालतात, ताईत बांधतात; नानांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं खोडरबर आणि कानावर पेन्सिल. शाई ते फक्त पगाराच्या सहीला वापरत. "खोडाया येतंय तवरच लिवावं गड्या," ते म्हणत. "शाई म्हंजी नुसता गर्व."

सत्तर सालानंतरची ती चार-पाच वर्षं. सांगली आणि आष्ट्याच्या मधल्या एका साखर कारखान्यात आम्ही दोघं शेती खात्यात कारकून होतो. मी नवा बीएस्सी, नवाच नवरा. नाना पंचेचाळिशीचे, तिसऱ्या फेरीत मॅट्रिक झालेले. कुणाचा ऊस कधी तोडायचा, त्या पाळ्या लावणं हे आमच्या खात्याचं काम. ज्याच्या उसाची लागण, म्हणजे लावणी, आधी त्याची तोड आधी, असा नियम होता. तो फ्रेम करून भिंतीवर लावलेला होता. त्याच्याखाली बसून आम्ही कुणाचा मेहुणा, कुणाचा व्याही असं बघत पाळ्या लावत असू.

एकदा नाना पुतण्याच्या लग्नाला पुण्याला गेले आणि कुणाच्या तरी ओळखीनं, काचेपलीकडून, पाव तास एक कॉम्प्युटर बघून आले. सोमवारी कचेरीत आले ते वेगळेच.

"गड्या, भावकी नसलेला प्राणी बघून आलोय मी."

झालं. तोडीच्या पाळ्या त्या मशीननं लावायच्या! मशीनला काय करायचं ते ओळीओळीनं लिहून द्यावं लागतं. त्याला प्रोग्रॅम म्हणतात हे मला ठाऊक होतं. नाना त्याला 'हुकूमनामा' म्हणत. पुण्याहून त्यांनी एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि सांगलीतून एक शब्दकोश. साहेबांनी चेष्टेवारी परवानगी दिली: एका गावाच्या पाळ्या लावून दाखवा, यादी बरोबर आली तर पुढं बघू, नाही आली तर हे खूळ बंद. मुदत दिवाळीपर्यंत. म्हणजे हातात अडीच महिने, त्यात कचेरी, सणवार आणि घरची एक म्हैस.

नाना जेवणाच्या सुट्टीत लिहीत, एसटीत लिहीत. एका लग्नात एका हातात अक्षता आणि दुसऱ्या हातात पेन्सिल असे उभे असलेले मी त्यांना पाहिलेत. घरातही हुकूमनाम्याचीच भाषा. "दूध वर आलं तर चुलीतलं लाकूड वढ, न्हाई आलं तर परत बघ," असं ते वहिनींना सांगत. वहिनी म्हणत, "आणि तुमी काय करनार? निस्तं सांगत बसनार?"

एका रविवारी त्यांनी खळ्यावर बारा शेतकरी गोळा केले, प्रत्येकाच्या हातात लागणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी दिली आणि एकेक माणूस म्हणजे मशीनला द्यायचं एकेक कार्ड असं समजून मशीन पाळ्या कशा लावतं ते दाखवायला लागले. दोघांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या बघायच्या. ज्याची तारीख आधीची, त्यानं पुढं यायचं. सगळं ठीक चाललं होतं. मग तुका पैलवान आणि त्याचा चुलतभाऊ समोरासमोर आले. बांधावरून दहा वर्षं बोलणं बंद.

"म्या ह्येच्या मागं हुभा ऱ्हानार न्हाई," तुका म्हणाला.

"आरं, तू आता तुका न्हाईस. तू कार्ड हायस!"

"कार्ड आसलो तरी ह्येच्या मागं न्हाई."

सगळे हसले. नाना मात्र माझ्याकडं वळून म्हणाले, "बघितलंस? म्हनून मशीन पायजे."

पहिल्या खेपेला हुकूमनाम्याचे कागद, त्यातच गावातल्या सगळ्यांच्या लागणीच्या तारखा, मीच पुण्याला नेले. कारखान्याच्या कामानं तिकडं जाणं माझ्याकडंच असे. तिथली माणसं कागदावरचं बघून कार्डांना भोकं पाडत आणि ती मशीनला देत. मशीननं ती परत केली. कुठल्याशा ओळीत एक स्वल्पविराम राहिला होता. मी भीत भीत सांगितलं, तर नाना खूश. "एका टिंबासाठी आडून बसलं? शाब्बास! ह्येला वशिला लागू पडायचा न्हाई."

दुसरी खेप शेवटची होती. सांगलीच्या स्टँडवर नानांनी पिशवी माझ्या हातात दिली. मग गळ्यातलं खोडरबर काढून माझ्या खिशात घातलं. "तिथं कायतरी चुकलेलं घावलं, तर तुज्याजवळ आसूदे."

नाना गेले आणि माझे सासरे भेटले. ज्या गावाच्या पाळ्या मशीन लावणार होतं, त्याच गावात त्यांचा ऊस होता. "जावईबापू, औंदा आमच्या उसाचं तेवढं बघा की," म्हणाले. सहज म्हणाले. चार माणसं म्हणतात तसं. मी "बघतो" म्हणालो, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी जो आदर उमटला तो मला फार आवडला.

उंब्रजला गाडी चहाला थांबली. हॉटेलच्या बाकावर मी पिशवी उघडली. सासऱ्यांची लागण जानेवारीची होती. नानांच्याच खोडरबरानं मी ती खोडली आणि आधीच्या वर्षातली जुलैची केली. चहा निवायच्या आत काम झालं.

या वेळी मशीन अडलं नाही. छापील यादी आली. नानांनी धुतलेला सदरा घातला आणि गावच्या पारावर सगळ्यांसमोर यादी वाचायला घेतली. पहिलंच नाव माझ्या सासऱ्यांचं.

तुका पैलवान म्हणाला, "आरं, त्यो ऊस तर आजून कवळा हाय! म्हंजी मशीनला बी सोयरा घावला म्हना की!"

पार हसून हसून लोळला. साहेबही हसले. नानांनी यादी पुन्हा बघितली. मग माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही.

"चूक माजी हाय," ते म्हणाले. "तारीक लिवताना मीच गडबड केली."

यादी रद्द झाली, पाळ्या पुन्हा मेहुण्या-व्याह्यांच्या हातात गेल्या. नानांनी मशीनचं नाव परत काढलं नाही. मी खोडरबर परत केलं, त्यांनी ते गळ्यात घातलं. मी स्वतःची समजूत घातली की त्यांना खरंच आपली चूक वाटली असणार.

गेल्या महिन्यात ते आजारी आहेत कळलं म्हणून भेटायला गेलो. "ट्रंकेतला चष्मा दे रं," म्हणाले. चष्म्याखाली हुकूमनामा होता. नानांनी आधी केलेली कच्ची प्रत, आणि तिच्याशेजारी ती छापील यादी. कच्च्या प्रतीत सासऱ्यांच्या नावापुढं जानेवारीच होता. त्या नावाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ, आणि समासात माझं नाव. दोन्ही खोडलेली. पण नाना पेन्सिल दाबून लिहितात. कागदावर वळ राहिला होता.

छापील यादीत खाली, तिसरं, आणखी एक नाव होतं. गंगूबाई माने. नानांची आई. तिचा ऊस दरसाल शेवटी तुटे. विधवेचा कोण मेहुणा? त्या वर्षीही तो चैत्रात तुटला, तुरे येऊन, वाळून. पुढच्या हंगामाला ती नव्हती. हे सगळं मला माहीत होतं. यादीत ती तिसरी होती, हे मात्र मी कधी वाचलंच नव्हतं.

"घावला का चष्मा?" नानांनी विचारलं.

"सापडला."

"मग दे की. काय वाचत बसलायस?"

मी चष्मा दिला. त्यांनी तो पुसला, घातला आणि माझ्या पोरांची चौकशी केली.

हे मी लिहिलं, पण लिहून भागणार नाही. त्या पारावरची माणसं हे वाचणार नाहीत. तुका पैलवान अजून आहे, पार आहे, नाना आहेत. चूक नानांची नव्हती, मशीनची नव्हती, माझी होती, हे त्या पारावर उभं राहून, नानांच्या देखत सांगणं माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.