चहाला आणलेला पाहुणा

ग्रंथपालांच्या डोक्यात एके काळी वाचनालयातली अठरा हजार पुस्तकं कपाटांसकट होती. आता निवृत्तीला दहा वर्षं झाली आणि गेल्याच महिन्यात, दवाखान्याच्या खिडकीपाशी बायकोचं नाव सांगताना ते अडले. "बेचाळीस वर्षं नुसतं 'अगं' म्हणतोय, नाव कशाला लक्षात राहील?" म्हणत त्यांनी वेळ मारून नेली. खिडकीमागची बाई हसली. बायको हसली नाही.

त्याच संध्याकाळी नर्स असलेल्या लेकीने बापाची स्मरणशक्ती आपल्या ताब्यात घेतली. सकाळी चार अक्रोड, तासभर चालणं, वेळेवर झोप आणि रोज माणसांत मिसळणं. "आणि बाबा, कुणाचं नाव आठवलं नाही तर लगेच विचारायचं नाही. बोलत राहायचं. डोक्याला जरा कामाला लावायचं."

"आणि नाहीच आठवलं तर?"

"आठवेल हो. एवढं काही झालेलं नाही तुम्हाला." हे ती जरा घाईनेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बागेत तिसऱ्या फेरीला समोरून एक उंच गृहस्थ आले. शर्टाला कडक इस्त्री, पण बटणं मात्र एकेक घर चुकलेली. ग्रंथपालांना पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा! तुम्ही!"

ग्रंथपाल थांबले. चेहरा ओळखीचा वाटत होता; पण अलीकडे सगळेच चेहरे तसे वाटायचे. "तुम्हीच की! किती दिवसांनी!"

"घरी सगळे ठीक?"

"मजेत. तुमच्याकडे?"

"चाललंय. तुमचा मोठा काय करतो हल्ली?"

ग्रंथपालांना एकच मुलगी. पण गृहस्थांचा हिरमोड नको म्हणून ते म्हणाले, "चाललंय त्याचंही."

पाऊण तास दोघं बाकावर बसले. हवापाण्यापासून गुडघ्यांपर्यंत सगळं बोलून झालं, नाव काही येईना. शेवटी ग्रंथपालांनी विचार केला, बायको नक्की ओळखेल. "चला घरी, चहा घेऊ," ते म्हणाले. गृहस्थ लगेच उठले.

बायकोने हसून स्वागत केलं आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं. "कोण हो हे?"

"मला वाटलं, तुझ्या माहेरचे."

"माझ्या माहेरच्यांना तुम्ही कधी आपणहून चहाला आणलंत?"

चहा झाला, बिस्किटं झाली, जेवणाची वेळ झाली. पाहुणे हलेनात. त्यांनी वरणभातही चवीने खाल्ला. मग बायकोने युक्ती काढली. लग्नाचा अल्बम आणला आणि पाहुण्यांपुढे उघडला. म्हणजे पाहुणे कुणाला ओळखतात त्यावरून धागा लागेल.

पाहुण्यांनी बराच वेळ पानं उलटली. मग नवरदेवाच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा मी."

बायकोने अल्बम मिटून बाजूला ठेवला. पाहुण्यांनी दाराकडे पाहिलं. "आता निघायला हवं. मला घरी सोडता ना?"

"सोडतो की," ग्रंथपाल हळूच म्हणाले. "घर कुठे तुमचं?"

"तुम्हाला माहीत नाही?" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. म्हणून तर तुमच्याबरोबर आलो."

ग्रंथपालांनी त्यांचा हात हातात घेतला. बायको चुकलेली बटणं नीट लावायला पुढे झाली आणि तिला कॉलरच्या आत टाचलेली कापडाची पट्टी दिसली. तिच्यावर फोन नंबर होता.

फोन केल्यावर पाहुण्यांचा मुलगा अर्ध्या तासात आला. पायात चपलाही नव्हत्या. चार तास तो शहर पालथं घालत होता. बापाला पाहिल्यावर तो दारातच मटकन खाली बसला.

"वर्षभरात बाबांनी कुणालाच ओळखलं नाही," डोळे पुसत तो म्हणाला. "मला 'साहेब' म्हणतात. तुमच्याबरोबर मात्र आले. तुम्ही त्यांचे जुने मित्र का?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"हो," ग्रंथपाल म्हणाले.

"कधीपासूनचे?"

"ते मात्र आता नक्की आठवत नाही."

मुलाने बापाचं नाव सांगितलं आणि दर गुरुवारी त्यांना तासभर आणू का, असं विचारलं. नाही म्हणायची कुणाची प्राज्ञा होती? आठवडाभर ग्रंथपालांनी ते नाव पाठ केलं. अंघोळ करताना, चालताना, झोपण्यापूर्वी दहादा. लेकीलाही म्हणून दाखवलं. तिने पाठ थोपटली आणि मग उगाचच खिडकीबाहेर पाहत राहिली.

गुरुवारी पाहुणे दारात उभे राहिले. त्यांनी ग्रंथपालांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "आपण कोण?"

ग्रंथपालांनी दोन्ही हात पुढे केले, मोठ्या उत्साहाने तोंड उघडलं आणि नाव गेलं. पार गेलं. पाहुणे मात्र वाट पाहत शांत उभे होते. त्यांनाही आपलं नाव ठाऊक नव्हतं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. दोघं शेजारी शेजारी बसले आणि बायकोने चहा टाकला.