व्यायामाला सोडलेल्या माशा

बागवाल्यांची सफरचंदाची बाग त्या वर्षी रीतसर फुलली. फुलांत कसलीही उणीव नव्हती. त्यांच्याकडे कोणी फिरकत नव्हतं एवढंच. आदल्या वर्षी मेव्हण्यांच्या कानाला मधमाशी चावली, तेव्हा सासरच्या अब्रूखातर बागवाल्यांनी छज्ज्याखालचं पोळं जाळलं होतं. शेजाऱ्यांनीही त्यांचा कित्ता गिरवला. आता पंचक्रोशीत औषधालासुद्धा माशी उरली नव्हती, आणि माशी नाही तर फळ नाही. घर तर सगळं त्या बागेवर चालायचं.

मग शहाणी माणसं करतात तेच बागवाल्यांनी केलं. माशा परदेशातून मागवल्या.

पेट्या वेळेवर उतरल्या आणि विमानतळाच्या गोदामात अडकल्या. तिथे मक्षिका-आयात निरीक्षक बसत. त्यांच्या टेबलावर पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि माशा मारायची फटकी अशी कार्यालयीन सामग्री होती.

"तीन आठवडे विलगीकरण," साहेब म्हणाले.

"साहेब, फुलं आठवड्यात गळतात हो!"

"मग फुलांना दम धरायला सांगा."

बागवाले तोंड पाडून घरी आले. पण विलगीकरणातल्या प्रत्येक प्राण्याला रोज मोकळ्या हवेत व्यायाम द्यावा, असाही एक नियम होता. तो घोड्यांसाठी केला होता. साहेब नियमाला पक्के. ते सकाळी पेट्यांची दारं उघडत आणि माशा संध्याकाळी आपणहून परतत. "घोड्यांपेक्षा शिस्तीच्या आहेत," असं ते कौतुकाने सांगत.

गोदामाच्या भिंतीपलीकडेच बाग होती. दुसऱ्या दिवशी बायको धावतच घरात आली.

"अहो, ऐकलंत का? बाग गुणगुणतेय!"

बागवाले अनवाणी बाहेर पळाले. झाडाझाडावर माशा लगबगीने फिरत होत्या. त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात एका माशीच्या मागे स्कूटर दामटत साहेब आले. हेल्मेट न काढताच ओरडले, "मी यांना व्यायामाला सोडलं होतं, कामाला नाही!"

"चुकलं साहेब. पण त्यांना हौस दिसतेय."

"हौस कसली! या माशांची अजून सुटका झालेली नाही. म्हणजे कायद्याने त्या परदेशातच आहेत. आणि त्या जिथे आहेत तेही परदेशच झालं."

"म्हणजे माझी बाग..."

"दिवसा परदेशात असते. संध्याकाळी परत येते."

"मग यांना दुपारी जेवायला घरी यायचं तर पासपोर्ट लागेल का हो?" बायकोने विचारलं.

"लागतो. पण मी डोळेझाक करीन," साहेब मोठ्या मनाने म्हणाले. "फळांवर मात्र आयातशुल्क बसेल. आणि प्रत्येक फळावर 'आयात' असं स्टिकर लावावं लागेल."

फळ धरलं, लाल झालं, आणि अख्ख्या घराने बसून एकेका सफरचंदाला स्टिकर चिकटवलं. शुल्क भरून कंबरडं मोडलेले बागवाले बाजारात गेले, तर लोकांची ही झुंबड! आदल्या वर्षी हेच सफरचंद दाबून, हुंगून, नाक मुरडून लोक पुढे जात. झाडं तीच, माती तीच, पाणीही त्याच विहिरीचं. आता तिप्पट दराने नेताना लोक म्हणत होते, "बाहेरच्या मालाची चवच वेगळी!" त्या वर्षी बागवाल्यांनी घरावर मजला चढवला.

पुढल्या बहराला छज्ज्याखाली पुन्हा एक पोळं लागलं. कुठल्या रानातून माशा आल्या, देव जाणे. बायको हरखून गेली.

"आपल्या इथल्या आहेत हो! आता मागवायला नकोत, अडकायला नकोत. फुकट काम करतील."

बागवालेही खुशीत साहेबांना ही बातमी सांगायला गेले. साहेबांनी चष्मा पुसला. "उत्तम. शुल्क नाही. देशी माशी, देशी फळ. स्टिकर अर्थातच मिळणार नाही."

बागवाले परत आले ते थेट गोणपाट आणि रॉकेल शोधू लागले. बायकोच्या सगळं ध्यानात आलं. ती पोळ्याखाली वाट अडवून उभी राहिली.

"नका हो. त्यांनी काय गुन्हा केलाय?"

"गुन्हा नाही गं," बागवाले कळवळून म्हणाले, "पण गिऱ्हाईक नाही."

आणि त्यांनी काडी ओढली.

आता तुम्ही बागवाल्यांना खुशाल शिव्या द्या. तेवढा तुमचा हक्क आहे. फक्त त्याआधी परवाची संध्याकाळ आठवा. फळवाल्यापुढे उभं राहून सफरचंद उलटंपालटं करत, स्टिकर कुठे आहे ते कोण शोधत होतं?