चूक केलेल्या बोटीनं वळसा घ्यावा

अंतिम फेरीत शेवटच्या वळणाचा तरंगता नारंगी डबा वीसेक हातांवर राहिला होता आणि सोपानराव पहिले होते. तेवढ्यात दादासाहेबांची बोट डावीकडून आली आणि तिनं सोपानरावांच्या बोटीला कुशीत धडक दिली.

बोट म्हणजे दोन हात लांबीची, शिडाची. इंजिन नाही, आवाज नाही. माणूस काठावर रिमोट घेऊन उभा राहतो, एका काडीनं सुकाणू फिरवतो, दुसरीनं शीड आवळतो किंवा ढिलं सोडतो. बाकी सगळं वाऱ्याच्या हाती. कुरुळीच्या मागं बंद पडलेल्या दगडखाणीत पाणी साठून तळं झालं आहे, तिथं दर रविवारी सकाळी ही मंडळी जमतात. सोपानरावांनी भोसरीत पस्तीस वर्षं लेथ चालवला होता. बटण दाबल्याशिवाय काही चालतं हे त्यांना अजून पटत नव्हतं. शीड भरलं आणि बोट आपली आपण निघाली, की ते दर वेळी पहिल्यांदाच बघत असल्यासारखे बघत राहत.

आज मात्र त्यांना जिंकायचंच होतं. गेल्या वर्षीची ढाल त्यांच्या घरी होती, पण ती त्यांची नव्हती. क्लबचा नियम साधा होता: बोट ज्याच्या नावावर, रिमोट त्याच्याच हातात. गेल्या वर्षी याच डब्यापाशी सोपानरावांना काही सुचेनासं झालं. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, सोजराबाईंनी, रिमोट आपल्या पदराखाली ओढून घेतला आणि बोट पहिली आणली. क्लबची नियमांची वही त्यांनी मेथी निवडता निवडता पाठ केली होती; सोपानरावांनी ती उघडलीही नव्हती. ढाल घेताना ते खरं सांगायला गेले, तर बाईंनी दंडाला असा चिमटा काढला की त्यांच्या तोंडून फक्त "आभारी हाय" एवढंच निघालं.

सोजराबाई जाऊन आता आठ महिने झाले होते. घरात ढालीसमोर बसून जेवताना सोपानरावांना चोराच्या घरी जेवल्यासारखं वाटायचं. एकदा आपल्या हातानं जिंकावं, म्हणजे तिच्याकडं वर मान करून बघता येईल, एवढंच त्यांना हवं होतं.

तर धडक झाली. यात चूक कुणाची, याला नियम होता. ज्याच्या उजव्या अंगानं वारा येतो, त्याचा रस्ता आधी. वारा सोपानरावांच्या उजवीकडं होता, दादासाहेबांच्या डावीकडं. दादासाहेबांनी वाट द्यायला हवी होती. ती दिली नाही, म्हणून शिक्षा: तिथल्या तिथं गोल फिरून एक पूर्ण वळसा घ्यायचा आणि मग पुढं जायचं. कुणी ओढून नेत नाही, कुणी पावती फाडत नाही. ज्याची चूक त्यानं आपण होऊन फिरायचं. चाकणच्या चौकात अर्धं आयुष्य हॉर्न ऐकत काढलेल्या सोपानरावांना हा नियम म्हणजे चमत्कारच वाटे.

भोंग्यावर तनुजा होती. ती चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती आणि रविवारी इथं पंच. तिनं धडक पाहिली आणि जाहीर केलं, "धडक झालेली आहे. चूक केलेल्या बोटीनं वळसा घ्यावा."

नाव घेतलं नाही. कारण दोन वर्षांपूर्वी तिनं भोंग्यावरून "दादासाहेब, चूक तुमची" असं सांगितलं होतं. काठावर शंभर माणसं होती आणि त्यात दादासाहेबांचे व्याहीही होते. तळ्यातली जलपर्णी काढायला दादासाहेबांनी दिलेला जेसीबी त्याच दुपारी घरी गेला. तेव्हापासून क्लबमध्ये ठरलं होतं की चूक सांगायची, नाव सांगायचं नाही.

आधी रोहिदासची बोट फिरली. रोहिदासचं भोसरीत वर्कशॉप होतं आणि त्याची बोट धडकेपासून चांगली तीस हात लांब होती. मग सगळ्यात मागं असलेल्या हिंदुरावांची फिरली. मग दादासाहेबांची. आणि सोपानरावांनी पाहिलं, तर त्यांचा स्वतःचा अंगठाही काडीवर होता आणि त्यांची बोटही फिरत होती.

अंतिम फेरीतल्या चारही बोटी एका वेळी फिरल्या. चार पांढरी शिडं एकदम पलटली. देवळाभोवती प्रदक्षिणा चालावी तसं ते दिसत होतं, फक्त मध्ये देऊळ नव्हतं. सोपानरावांना शर्यतीचा विसरच पडला.

फिरता फिरता रोहिदासची बोट हिंदुरावांच्या बोटीला लागली. तनुजानं पुन्हा जाहीर केलं, "पुन्हा धडक. चूक केलेल्या बोटीनं वळसा घ्यावा." पुन्हा चौघं फिरले. त्यात दादासाहेबांची बोट रोहिदासच्या बोटीला लागली.

"ताई, आता नाव घेतलं तरी चालंल," हिंदुराव काठावरून म्हणाले. "चक्कर यायला लागली."

तोवर उशीर झाला होता. वारा बोटींना हळूहळू समोरच्या कडेला रेटत होता आणि त्या कडेला जेसीबीनं अर्धवट सोडलेली जलपर्णी होती. चारही बोटी एकामागून एक तिच्यात शिरल्या आणि पंगतीला बसल्यासारख्या ओळीनं थांबल्या. शर्यत कुणीच पूर्ण केली नाही.

बोटी ओढून काढल्यावर पत्र्याच्या शेडखाली सुनावणी बसली. सोपानरावांनी दाद मागितली होती. स्वतःची चूक नसताना कुणाचं नुकसान झालं, तर त्याला दाद मागता येते, एवढा एक नियम त्यांना माहीत होता, कारण सोजराबाई तो भाजीवाल्यालासुद्धा ऐकवायच्या.

"धडक एक, चूक एकाची," तनुजा म्हणाली. "मग फिरले चौघं कसे?"

रोहिदास खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, मलाच म्हणताय. मघाशी दुसऱ्या डब्याला माझं शीड घासलं होतं, डब्याला लागणं हीसुद्धा चूकच. कुणी बघितलं नाही, पण मी बघितलं होतं ना."

"माझं तर सुरुवातीलाच," हिंदुराव म्हणाले. "शिट्टीच्या आधी माझं नाक रेषेच्या पुढं. बावीस वर्षं बस चालवली, सिग्नल पडायच्या आधी पुढं सरकायची सवय. आता ती सुटत न्हाई."

"आणि दादासाहेब, तुम्ही?"

"माझी तर चूकच व्हती," दादासाहेब म्हणाले. "म्हणून फिरलो. त्यात काय ईचारायचं?"

दादासाहेबांची गाडी रस्त्यात कुणासाठी मागं गेलेली आजवर कुरुळीत कुणी पाहिली नव्हती.

"नाव घेतलं असतं तर न्हाई फिरलो," त्यांनी खुलासा केला. "आपणहून फिरायला बरं वाटतं."

तनुजा सोपानरावांकडं वळली. "काका, तुमची चूक नव्हती. भोंगा ऐकून गोंधळलात आणि फिरलात, असं असेल तर चूक माझ्या जाहीर करण्याची. मग तुम्ही होतात त्या जागेचा नंबर मी तुम्हाला देऊ शकते. पहिला. तसंच झालं ना?"

एका "व्हय"चं काम होतं. ढाल मिळाली असती. सोपानरावांनी घसा खाकरला.

"न्हाई ताई. गोंधळलो न्हाई. मागच्या वर्षी शेवटच्या डब्यापासनं बोट हिनं चालवली. रिमोट हिच्या पदराखाली व्हता. मी नुसता उभा. आज भोंगा वाजला आन् मला वाटलं, कळलं ह्यांना. ती ढाल परत घ्या."

कुणी दचकलं नाही. हिंदुरावांनी दादासाहेबांकडं पाहिलं, दादासाहेबांनी रोहिदासकडं.

"सोपानराव," दादासाहेब म्हणाले, "तवा तुमचे दोन्ही हात तंबाखू मळत व्हते."

"माझे?"

"तुमचेच. आमी समोरच्या काठाला व्हतो, समदं दिसत व्हतं."

"आणि बोट डब्याला वळली, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात, काका," रोहिदास म्हणाला.

सोपानरावांना यातलं काहीच आठवत नव्हतं. आठवत होती ती फक्त बोट, डब्याला चाटून गेलेली.

"मग बोलला का न्हाई कुणी?"

दादासाहेबांनी तळ्याकडं हात केला. "काय बोलायचं? वयनींनी बोट अशी आणली की डब्यात आन् तिच्यात करंगळी जाईना. शीड पलटलं तर पाणी हललं न्हाई. मी चाळीस वर्षं ट्रॅक्टर फिरवतोय, तसं वळण माझ्या हातून एकदा झालं न्हाई. बघत राहिलो. तक्रार करायची असती हे ध्यानातच आलं न्हाई. वरीसभर रोज पहाटं हितं येऊन तसंच वळायला बघतोय. मगाशी तेच करायला गेलो आन् तुमच्या कुशीत शिरलो."

सोपानराव त्यांच्याकडं बघत राहिले. सोजराबाईंच्या एका वळणानं दादासाहेबांना वर्षभर पहाटे घराबाहेर काढलं होतं. हे तिला सांगायला हवं होतं, ती नुसती हसली असती. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

तनुजानं वही उघडली. "गेल्या वर्षीच्या तक्रारीची मुदत त्याच संध्याकाळी संपली. ढाल परत घेता येत नाही. पण नोंद चुकीची असेल तर दुरुस्त करता येते." तिनं 'सोपानराव' खोडलं आणि वर 'सोजराबाई' लिहिलं.

"पर ती मेंबर नव्हती," सोपानराव म्हणाले. "तिला नियम ठावा व्हता."

"काका, आता तुम्ही त्यांच्याविरुद्ध तक्रार करताय का?"

"न्हाई, न्हाई," सोपानराव घाईनं म्हणाले.

"मग झालं. आजची फेरी पुन्हा होईल. आणि या वेळी मी नावं घेणार आहे." तिनं दादासाहेबांकडं पाहिलं.

"घे की," दादासाहेब म्हणाले. "व्याही आलेलं न्हाईत आज."

फेरी पुन्हा सुटली. सोपानरावांनी रिमोट दोन्ही हातांनी धरला. पहिल्या डब्यापर्यंत ते दुसरे होते, दुसऱ्यापाशी चौथे. शेवटच्या डब्यापाशी त्यांनी काडी उलटी ओढली. बोट वाऱ्याकडं तोंड करून उभी राहिली, शीड फडफडलं आणि ती मागं मागं जाऊ लागली. तेवढ्यात रोहिदास पहिला आला. पाठोपाठ दादासाहेब आले, मग हिंदुराव. सोपानराव डब्याला तीनदा लागले. तिन्ही वेळा भोंग्यावर त्यांचं नाव आलं, आणि तिन्ही वेळा ते गुमान फिरले.

शेवटची बोट आल्याशिवाय शर्यत संपत नाही, म्हणून चहा खोळंबला होता. तिघं काठावर उभे राहून बघत राहिले. अकरा मिनिटांनी सोपानरावांची बोट आडवी-तिडवी होत रेषेवरून आत आली.

दादासाहेबांनी पुढं होऊन त्यांचा हात हातात घेतला.

"सोपानराव," ते म्हणाले, "आजची बोट तुमीच चालवली. ह्याबद्दल कुणाची काय बी तक्रार न्हाई."